टेस्टरवर ओके, मशीनमध्ये फेल : एसएमपीएस तपासायचं टेबल उभं करताना

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोन भावांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या शाळांच्या लॅब, पतसंस्था, दवाखाने, आपले सरकार सेवा केंद्रं आणि घरगुती मशीन. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि त्यांच्या अडीअडचणीला उभा राहतो. हे प्रकरण त्यांच्या एका जुन्या दुखण्याचं आहे. मशीनमधून काढलेला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, खरंच गेलाय का, हे ठरवायचं साधन दुकानात नव्हतं.

दुखणं कसं होतं ते सांगतो. एका पतसंस्थेच्या काउंटरवरचं मशीन ऐन गर्दीच्या वेळी आपोआप रीस्टार्ट व्हायचं. रॅम बदलून झाली, विंडोज नव्याने टाकून झालं, शेवटी एसएमपीएस बदलला आणि मशीन सुधारलं. काढलेला एसएमपीएस दुकानात टेस्टरला लावला तर सगळे आकडे व्यवस्थित. म्हणून तो 'चालू' समजून फळीवर गेला आणि पुढे एका शाळेच्या लॅबमध्ये बसला. तिथून तीच तक्रार आली. धाकटा भाऊ मला म्हणाला, "सर, टेस्टर ओके म्हणतो, मशीन नाही म्हणतं. ऐकायचं कुणाचं?"

ऐकायचं मशीनचंच. पण दरवेळी गिऱ्हाइकाच्या मशीनवर प्रयोग करणं परवडत नाही. पतसंस्थेच्या मशीनमध्ये लोकांच्या ठेवींच्या नोंदी असतात. एक चुकीचा रीस्टार्ट म्हणजे अर्धवट राहिलेली नोंद आणि संध्याकाळी न जुळणारा हिशेब.

टेस्टर नेमकं काय बघतो

दुकानात होता तो छोट्या पडद्याचा चिनी टेस्टर. २४ पिनचा कनेक्टर खोचला की तो हिरव्या वायरला ग्राउंड देऊन एसएमपीएस चालू करतो, १२, ५, ३.३, उणे १२ आणि स्टँडबायचे (मशीन बंद असतानाही चालू राहणारे) ५ व्होल्ट दाखवतो आणि पीजीचा, म्हणजे 'सगळ्या लाईनी ठीक आहेत' या पॉवर गुड इशाऱ्याचा, वेळ मिलिसेकंदांत सांगतो. टेस्टर नसेल तिथे वायरच्या तुकड्याने हिरवी-काळी जोडून मल्टीमीटरने हेच काम करतात. ही तपासणी निरुपयोगी मुळीच नाही. शॉर्ट झालेला, स्टँडबाय मेलेला किंवा एखादी लाईनच न देणारा एसएमपीएस इथेच सापडतो. पीजीचा आकडाही कामाचा आहे. लाईनी स्थिरावल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या वायरवर ५ व्होल्ट यावेत, असा एटीएक्सचा, म्हणजे संगणकाच्या एसएमपीएसच्या ठरलेल्या प्रमाणाचा, नियम आहे. तो वेळ फार कमी किंवा फार जास्त असेल तर मदरबोर्ड कधी उठतो, कधी उठत नाही.

पण हा टेस्टर एसएमपीएसकडून काम करून घेत नाही. त्याच्या आतला लोड, म्हणजे वीज खेचणारा भार, नाममात्र असतो. ऑफिसचं साधं मशीन चालताना ६० ते १०० वॅट मागतं आणि त्यातला मोठा वाटा १२ व्होल्टच्या लाईनवरून जातो, कारण पेंटियम ४ च्या काळापासून प्रोसेसरची वीज त्या लाईनवरून घ्यायची पद्धत पडली. रिकाम्या गाडीला जुंपून बैलाची ताकद कळत नाही, तसंच हे.

म्हणून भावांना पहिल्याच बैठकीत सांगितलं की नवा, महागडा टेस्टर शोधायचा नाही. आधी लोड शोधायचा.

लोड कुठून आणायचा

तयार यंत्रं आहेत. तैवानच्या क्रोमा कंपनीची एसएमपीएस तपासणारी अख्खी रॅक मिळते. परदेशातले परीक्षक सनमूनचं एसएम-८८०० वापरत आले आहेत. सगळ्या लाईनींवर एकाच वेळी हवा तेवढा करंट खेचायचा आणि सगळे आकडे एकत्र बघायचे, असं त्यांचं काम. कारखान्याला ते शोभतं. तालुक्याच्या दुकानाने त्याचा विचारही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशांत दुकानाचा सगळा माल भरून होतो.

त्याखालची पायरी म्हणजे एका चॅनेलचा इलेक्ट्रॉनिक डीसी लोड. रिगोलचा डीएल३०२१ हा २०० वॅट आणि ४० अँपिअरचा, कोराडचा केईएल१०३ हा ३०० वॅट आणि ३० अँपिअरचा. आत मॉसफेट (करंट आवरणारे ट्रान्झिस्टर) असतात. आपण '८ अँपिअर' असं सेट केलं की व्होल्टेज थोडं हललं तरी तो नेमके ८ अँपिअरच खेचतो. शिवाय त्याला व्होल्टेज मोजायची वेगळी टोकं असतात. असा एक लोड दुकानाने घेतला आणि पुढे त्या टोकांचा मोठा उपयोग झाला.

तिसरी पायरी सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात शहाणपणाची : गाडीचे हेडलाईट बल्ब आणि वायरवाउंड रेझिस्टर. एच४ चा बल्ब १२ व्होल्टवर एका फिलामेंटला साधारण ५ अँपिअर घेतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. असे चार मोठे आणि दोन छोटे बल्ब, प्रत्येकाला आपलं बटण, की झाला १२ व्होल्टचा टप्प्याटप्प्याने वाढणारा लोड. यात एक गोष्ट सांभाळावी लागते. थंड फिलामेंटचा रोध फारच कमी असतो. बटण दाबल्या क्षणी बल्ब नेहमीच्या दहापट करंट मागू शकतो, आणि चांगला एसएमपीएसही संरक्षण म्हणून बंद पडतो. म्हणून बल्ब एकेक करून लावायचे. सगळे लावून ठेवून वर एसएमपीएस चालू करायचा नाही.

५ व्होल्टला अॅल्युमिनियम कवचाचा १ ओहमचा ५० वॅट रेझिस्टर लावला की ५ अँपिअर जातात आणि २५ वॅट उष्णता होते. ३.३ व्होल्टला ०.६८ ओहम लावला की जवळजवळ ५ अँपिअर, १६ वॅट. हे रेझिस्टर जाड हीटसिंकवर पेस्ट लावून, स्क्रूने घट्ट बसवायचे. त्यावर लिहिलेले ५० वॅट हे हीटसिंकवर बसवल्यानंतरचे असतात, उघड्यावर नव्हे. रेझिस्टर, बाइंडिंग पोस्ट आणि जाड वायर पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळाल्या. हीटसिंक भंगारातल्या जुन्या यूपीएसमधून निघाला.

२४ पिनचं सॉकेट विकत घ्यायची गरजच नव्हती. मेलेल्या मदरबोर्डवरून हॉट एअरने ते अख्खं निघालं, प्रोसेसरचं ४ पिनचंही निघालं. ती दोन्ही एका बोर्डावर बसवून प्रत्येक लाईनच्या सगळ्या पिना जाड पट्टीने जोडल्या. सगळा करंट एकाच पिवळ्या वायरमधून खेचला तर पिन वितळते. आणि व्होल्टेज लोडच्या टोकाला मोजायचं नाही, कनेक्टरवर, ज्यातून करंट जात नाही अशा वेगळ्या बारीक वायरने मोजायचं. वायरचा रोध ०.०१ ओहम धरला तरी १० अँपिअरला ०.१ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि चांगल्या एसएमपीएसवर नाहक आळ येतो. इलेक्ट्रॉनिक लोडची ती वेगळी टोकं याच कामाची.

पतसंस्थेचा एसएमपीएस टेबलावर

शाळेतून परत आलेला तो एसएमपीएस पहिला लावला. लेबलवर ४५० वॅट छापलेले, वजनाला हलका. लोड नसताना १२.१४ व्होल्ट. पहिला बल्ब लावला, ११.८. दुसरा लावला, ११.४६. त्याच वेळी ५ व्होल्टची लाईन चढून ५.२१ वर गेली. एक उतरते आणि दुसरी चढते, हे स्वस्त एसएमपीएसचं हमखास लक्षण आहे. त्यात १२ आणि ५ व्होल्ट एकाच नियंत्रणाखाली, एकत्र सांभाळले जातात. १२ वर भार पडला आणि ५ मोकळी राहिली की आतलं सर्किट दोघींची सरासरी सावरायला जातं आणि कुणालाच नीट सावरू शकत नाही.

धाकट्याने लगेच हा फेल म्हणून बाजूला काढला. पण नियमाने बघितलं तर तो अजून पास होता. १२ व्होल्टला ५ टक्के सूट आहे, म्हणजे ११.४० ते १२.६०. ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५. दोन्ही आकडे काठावर, पण आत. मग मशीन रीस्टार्ट का होत होतं?

इथेच दुसरं साधन लागलं. मल्टीमीटर डीसीवर सरासरी दाखवतो. त्या सरासरीच्या वरखाली लाईन किती थरथरते, म्हणजे रिपल किती, ते त्याला दिसत नाही. मल्टीमीटर एसीवर टाकून रिपल बघायचा प्रयत्न अनेक कारागीर करतात, पण साध्या मीटरची एसी रेंज घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी असते. केए७५०० किंवा टीएल४९४ आयसीवर चालणाऱ्या या एसएमपीएसचा रिपल काही दहा किलोहर्ट्झचा असतो. तिथे त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

स्कोपची निवड

ऑसिलोस्कोपसाठी, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर काढून दाखवणाऱ्या यंत्रासाठी, दोन वाटा होत्या. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या भंगार यादीत २० मेगाहर्ट्झचे जुने सीआरओ, म्हणजे काचेच्या नळीचे ऑसिलोस्कोप, निघाले होते, अगदी किरकोळ भावात. रिपल बघायला ते पुरेसे आहेत, कारण एटीएक्सच्या नियमातच २० मेगाहर्ट्झपर्यंतचं मोजा असं म्हटलंय. मोठ्या भावाचा कल तिकडे होता. मी डिजिटलचा आग्रह धरला, कारण पुढे होल्ड-अप, म्हणजे वीज गेल्यावर एसएमपीएस किती वेळ तग धरतो ते, मोजायचं होतं. ती घटना एकदाच घडते आणि काही मिलिसेकंदांत संपते. जुन्या सीआरओच्या पडद्यावर ती दिसते न दिसते तोच विझते. डिजिटल स्कोप ती पकडून ठेवतो. शेवटी दोन चॅनेलचा साधा डिजिटल स्कोप मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आला.

रिपल मोजायची रीत सांभाळली नाही तर स्कोप घेऊनही खोटे आकडे मिळतात. कनेक्टरवर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर समांतर लावायचा, स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झला मर्यादित करायची आणि प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टाकायची. ती वायर म्हणजे एक मोठा वेटोळा असतो, तो आजूबाजूचा सगळा गोंगाट गोळा करतो. तिच्याऐवजी प्रोबच्या टोकाला छोटी स्प्रिंग बसवून ती थेट ग्राउंडच्या पिनेला टेकवायची. आम्ही एकाच एसएमपीएसवर दोन्ही पद्धतीने मोजून बघितलं. लांब वायरने मोजलेला आकडा दुपटीहून मोठा होता.

आता पतसंस्थेचा एसएमपीएस. लोड नसताना १२ व्होल्टवर सुमारे ४० मिलिव्होल्ट. दोन बल्बांवर पडद्यावरची रेघ उंच टोकदार करवतीसारखी झाली, ३८० मिलिव्होल्ट. नियम १२० चा आहे, ५ आणि ३.३ व्होल्टला तर ५० चाच. गुन्हेगार सापडला. उघडून बघितला तर आउटपुटचे कंडेन्सर वरून सपाट, एकही फुगलेला नाही. डोळ्यांनी तपासणाऱ्याने त्यांना सोडूनच दिलं असतं. ईएसआर, म्हणजे कंडेन्सरचा आतला रोध, मोजणाऱ्या मीटरने बघितल्यावर १२ व्होल्टच्या दोघांचा रोध १ ओहमच्या वर आला. त्याच मापाच्या नव्याचा ओहमच्या काही शतांश भरतो. आतलं रसायन सुकलं होतं. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे कंडेन्सर टाकल्यावर त्याच लोडवर रिपल ७० च्या खाली आला.

ईएसआर मीटरबद्दल मुद्दाम सांगतो. या सगळ्या सामानात पैशाच्या मानाने सर्वात जास्त काम त्याने दिलं. कंडेन्सर न काढता बोर्डावरच मोजता येतो. फक्त आधी तो डिस्चार्ज केलेला हवा.

मेन्सची बाजू

मेन्स म्हणजे भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज. हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक दुकानांत नेमका हाच तपासला जात नाही. वीज गेली, यूपीएस चालू झाला आणि तरीही मशीन बंद पडलं, ही तक्रार आपल्याकडे रोजची. दोष जातो यूपीएसवर. ऑफलाइन यूपीएसला बदलायला काही मिलिसेकंद लागतात, साधारण १० च्या आत. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कंडेन्सरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्सच्या जुन्या नियमाप्रमाणे पूर्ण लोडवर किमान १६ मिलिसेकंद पीजी टिकायला हवा.

पण तो साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० व्होल्टचे १८० झाले की साठलेली ऊर्जा सुमारे ६१ टक्केच उरते, आणि त्यातला वापरता येण्याजोगा भाग त्याहूनही बराच कमी. कृषिपंप सुरू झाल्यावर गावाच्या टोकाला १८० व्होल्ट मिळणं काही नवं नाही. म्हणजे दुकानात २३० वर पास झालेला एसएमपीएस शाळेत १८० वर नापास होऊ शकतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये मोठ्या कंडेन्सरच्या जागी छोटे बसवलेले असतात, मग तर बोलायलाच नको.

यासाठी मेन्सचं व्होल्टेज कमीजास्त करणारा डिमरस्टॅट घेतला, ० ते २७० व्होल्टचा. जुना पण ब्रश चांगले असलेला. त्यावर १८० लावायचं, ठरलेला लोड द्यायचा आणि मेन्सचं बटण बंद करायचं. स्कोपचं एक चॅनेल करड्या वायरवर. दुसऱ्या चॅनेलला मेन्स थेट कधीही लावायची नाही. एक छोटा २३० ते ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की मेन्सची प्रतिमा सुरक्षितपणे पडद्यावर येते. लाट थांबल्यापासून पीजी पडेपर्यंतचं अंतर म्हणजे होल्ड-अप. पडद्यावरच्या चौकटी मोजल्या की काम झालं. शाळेच्या लॅबमधले 'यूपीएस खराब' म्हणून आलेले अनेक सेट या एका तपासणीत एसएमपीएसचे दोष ठरले आणि शाळेचा यूपीएसवरचा खर्च वाचला. याचं मला मनापासून समाधान आहे.

डिमरस्टॅट मेन्सपासून वेगळा करत नाही, हे दोघा भावांना पुन्हा पुन्हा बजावलं. त्याच्या आउटपुटला ५० व्होल्ट असले तरी शॉक पूर्ण २३० चा बसू शकतो. उघडा एसएमपीएस पहिल्यांदा चालू करताना मध्ये १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजला लावायची जुनी रीत आम्ही तशीच ठेवली. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, बाकी काही उडत नाही.

आणि अर्थिंग. दुकानात तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नव्हती. अशा जागी एसएमपीएसच्या फिल्टरमधले कंडेन्सर कॅबिनेटला मेन्सच्या जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. झिणझिण्या येतात त्या यामुळे. त्यात स्कोपचा ग्राउंड लावला की ठिणगी. म्हणून टेबलावरचं कुठलंही साधन वापरण्याआधी वायरमनला बोलावून नीट अर्थिंग करून घेतलं. शिवाय आतल्या मोठ्या कंडेन्सरवर बंद केल्यावरही ३०० व्होल्टच्या पुढे चार्ज राहू शकतो. तो उतरवायला १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड टोकांवर बसवून टेबलाला टांगला. लोडवर चाचणी चालू असताना एसएमपीएस पत्र्याच्या खोक्यात आणि डोळ्यांना चष्मा, हा नियम मोठ्या भावाने स्वतःच घातला.

काय घेतलं नाही

थर्मल कॅमेरा घेतला नाही. तासभर पूर्ण लोडवर ठेवून पंख्यातून येणाऱ्या हवेचं तापमान साध्या प्रोबने मोजलं की अंदाज येतो. मेन्सच्या बाजूला प्लगमध्ये बसणारं वॅटमीटर मात्र घेतलं. बाहेर १३५ वॅट जात असताना आत १९० जात असतील तर कार्यक्षमता ७१ टक्के, हे गिऱ्हाइकाला वहीवर दाखवता येतं. ८० प्लसच्या, म्हणजे कार्यक्षमतेच्या, स्टिकरबद्दल लोक विचारतात. ती मूळ चाचणी ११५ व्होल्टवर आणि २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. उन्हाळ्यात धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये काय होईल ते ती सांगत नाही.

एका सरकारी कामात चाचणीचं प्रमाणपत्र मागितलं होतं. ते दुकानाचं काम नव्हे. तिथे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळाच लागते, हे त्या कार्यालयाला स्वच्छ कळवलं.

आता टेबलावर क्रम ठरलेला आहे. आधी तोच चिनी टेस्टर, मग बल्बांचे टप्पे, मग स्कोप, मग १८० व्होल्टवर होल्ड-अप. चारही आकडे चिकटपट्टीच्या कागदावर लिहून एसएमपीएसला डकवायचे. कागद नसलेला एसएमपीएस दुसऱ्याच्या मशीनमध्ये बसवायचा नाही.

मोठ्या ग्राफिक्स कार्डांचे एसएमपीएस अजून इथे तपासत नाही. एका व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याचा ७५० वॅटचा आला होता. त्याची १२ व्होल्टची लाईन ६२ अँपिअरची. शिवाय एटीएक्स ३.० मध्ये अशा मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार झेलायचा असतो, आणि फिलामेंटचा बल्ब इतक्या झटपट बदलत नाही. तो वॉरंटीत होता, कंपनीकडे पाठवला. पुढच्या हंगामात दुसरा इलेक्ट्रॉनिक लोड घ्यायचा भावांचा विचार आहे. ठरलेल्या करंटवर चालणारे दोन लोड समांतर जोडता येतात, म्हणून पहिल्याच मापाचा घ्या असं मी सुचवलं आहे.